घरातील वाचक : वाशीम परिसर आणि मिशनशाळांच्या दूरशिक्षणाची पूर्वपीठिका

१

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. तथापि या भूप्रदेशाला स्वतःचे नाव आणि स्वतःचे स्थान पूर्वीपासून आहे. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म ती हीच. राजशेखराने ज्या 'वच्छोमी' रीतीचा उल्लेख केला तिचे नावही याच गावावरून पडले. संस्कृत 'वत्सगुल्म', प्राकृत 'वच्छोम' आणि मराठी 'वाशीम' ही परंपरा भाषेच्या अभ्यासकांना परिचित आहे. १९३९ साली सापडलेल्या द्वितीय विंध्यशक्तीच्या वाशीम ताम्रपटात संस्कृत व प्राकृत या दोन्ही भाषा एकत्र नांदतात. इंग्रजी अमदानीत हे गाव 'बासीम' म्हणून ओळखले जाई आणि १९०५ पर्यंत ते वऱ्हाडातील एका स्वतंत्र जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते.

लेखनाची भाषा एक आणि घरात बोलण्याची भाषा दुसरी, ही स्थिती या प्रदेशात दीड हजार वर्षांपूर्वीही होती असे त्या ताम्रपटावरून अनुमान करण्यास हरकत नाही. आजच्या शिक्षणाच्या एका प्रश्नाशी या स्थितीचा निकटचा संबंध आहे. विद्यार्थी शाळेत येऊ शकत नसेल तेव्हा शाळेने त्याच्यापर्यंत कसे जावे, हा तो प्रश्न होय. २०२० साली साथीच्या रोगामुळे तो सर्वांपुढे एकदम उभा राहिला आणि 'दूरशिक्षण' हा शब्द घरोघर पोहोचला. परंतु मराठी प्रदेशातील ख्रिस्ती शाळांपुढे हाच प्रश्न दोनशे वर्षांपासून निरनिराळ्या रूपांनी येत गेला आहे. त्यांनी योजिलेल्या उपायांचा इतिहास पाहिला असता एक गोष्ट पुनःपुन्हा प्रत्ययास येते. साधन कोणतेही असो, पुस्तक, नियतकालिक, तक्ता वा यंत्र, ते मुलापर्यंत पोहोचले ते घरातील वा गावातील एका वाचणाऱ्या माणसाच्या द्वारे. जेथे असा वाचक होता तेथे दूरचे शिक्षण रुजले. जेथे नव्हता तेथे ते दारापर्यंत येऊन थांबले. हा वाचक घडविण्यात मिशनशाळांना कितपत यश आले, आणि त्याची किंमत कोणी दिली, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२

दूरशिक्षणाची पहिली अट म्हणजे छापील मजकूर. मराठीच्या बाबतीत ही अट प्रथम पुरी झाली ती मराठी मुलखापासून फार दूर, बंगालमधील श्रीरामपूर येथे. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली, मराठी कोश १८१० साली आणि नव्या कराराचे भाषांतर १८११ साली प्रसिद्ध झाले. या कामी त्यांना वैजनाथ शर्मा या नागपूरकडील पंडिताचे साहाय्य लाभले होते. म्हणजे मुद्रित मराठीच्या अगदी आरंभी विदर्भाच्या भाषेचा हात लागलेला आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. श्रीरामपूरच्या पुस्तकांपैकी बरीच मोडी लिपीत छापली गेली, कारण हिशेब व पत्रव्यवहार यांची लिपी मोडी होती आणि वाचता येणाऱ्या माणसाला ती परिचित असे.

मुंबईत मात्र वेगळा प्रवाह निघाला. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ साली मुंबईस आले. लवकरच त्यांनी शाळा काढल्या आणि छापखानाही उभा केला. त्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांनी बालबोध अक्षरांचे सुबक ठसे घडविले. मराठी मुद्रणाच्या पुढील प्रगतीत त्या ठशांचा वाटा मोठा आहे. गणपत कृष्णाजी व जावजी दादाजी या दोन मोठ्या मुद्रकांचा या कारखान्याशी संबंध होता, एवढ्यावरूनही त्याचे महत्त्व कळून येईल. छापील पुस्तकांत बालबोध रूढ झाली. घरगुती व्यवहारात मोडी टिकून राहिली. परिणामी शेतकऱ्याच्या वा कारागिराच्या घरात वाचता येणारा पुरुष असला तरी त्याला पुस्तकाची लिपी येईलच असे नसे. शाळेची लिपी आणि घराची लिपी यांतील हे अंतर मैलांनी मोजता येण्याजोगे नव्हते.

लिपीपाठोपाठ भाषेचेही प्रमाणीकरण झाले. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. मेजर टॉमस कँडी यांनी शालेय पुस्तकांच्या भाषेवर दीर्घकाळ देखरेख केली. पुण्याकडील शिष्ट ब्राह्मणी बोली ही ग्रंथाची भाषा ठरली. कॅरींच्या पंडिताने आणलेला नागपुरी रंग त्यात उरला नाही.

वऱ्हाडातील मुलाच्या दृष्टीने याचा अर्थ काय, हे पाहणे आवश्यक आहे. वऱ्हाडी बोलीत 'मला'च्या जागी 'माले', 'त्याला'च्या जागी 'त्याले' येते. 'डोळा' हा 'डोया' होतो आणि 'केळी' ही 'केयी' होते. 'तो येत आहे' असे न म्हणता 'तो येऊन राह्यला' असे म्हणतात. ग्रियर्सन यांनी भारतीय भाषांच्या पाहणीच्या सातव्या खंडात, १९०५ साली, या बोलीची नोंद घेतली. पुस्तकात 'ळ' हे अक्षर पाहणाऱ्या वऱ्हाडी मुलाने तो ध्वनी घरी फारसा ऐकलेला नसतो. वर्गात शिक्षक समोर असला तर तो हा सांधा जुळवून देतो. मूल 'डोया' म्हणते तेव्हा 'आपण डोया म्हणतो, पुस्तकात डोळा लिहितात' एवढे सांगितले की काम भागते. पुस्तक एकटेच घरी गेले तर हे सांगणारे कोणी नसते. छापील अक्षर दूरवर जाते खरे, परंतु ते आपल्याबरोबर आपला उच्चार नेत नाही. तो उच्चार देणारा माणूस तेथे असावा लागतो.

३

दुसरे साधन नियतकालिकाचे. 'ज्ञानोदय' जून १८४२ मध्ये अहमदनगर येथे अमेरिकन मिशनने सुरू केला आणि हेन्री बॅलंटाइन हे त्याचे आरंभीचे संपादक होत. धर्मप्रसार हा त्याचा प्रकट हेतू होता. तथापि भूगोल, खगोल, शरीरशास्त्र, देशोदेशींच्या वार्ता असा पुष्कळ मजकूर त्यात येई. खेड्यातील शिक्षकाला तो अंक म्हणजे चालते-बोलते संदर्भपुस्तकच होता. एक अंक एका माणसाने वाचून संपत नसे. तो चावडीत, शाळेच्या ओसरीवर वा प्रार्थनेच्या वेळी मोठ्याने वाचला जाई. वाचणारा एक आणि ऐकणारे अनेक, ही त्या काळच्या वाचनाची सर्वसाधारण रीत होती. पोथी आणि कीर्तन यांच्यामुळे मराठी श्रोता या रीतीला सरावलेला होता. अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन प्रचारात आणले तेही याच सवयीच्या आधारावर. मिशनने येथे नवीन काही निर्माण करण्यापेक्षा असलेल्या सवयीचा उपयोग करून घेतला असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

'ज्ञानोदया'च्या इतिहासातील एक घटना दूरशिक्षणाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. १८५५ साली मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध त्यात प्रसिद्ध झाला. मुक्ता ही जोतिराव फुले यांच्या पुण्यातील शाळेची विद्यार्थिनी. शाळा मिशनची नव्हती आणि मुलगीही ख्रिस्ती नव्हती. पत्र मात्र मिशनचे होते. येथवर नियतकालिकाने बोलायचे आणि वाचकाने ऐकायचे असा एकेरी व्यवहार होता. येथे विद्यार्थिनी बोलली आणि दूरचे वाचक ऐकणारे झाले. शिक्षण दुरून द्यावयाचे तर विद्यार्थ्याकडून काही परत आले पाहिजे, नाहीतर शिकविणाऱ्याला आपले बोलणे पोहोचले की नाही हे कळत नाही. मुक्तेच्या निबंधाने हा परतीचा मार्ग एकदा उघडून दाखविला. तो रुंद करण्याचे काम पुढील काळात फारसे झाले नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

मुलांसाठी अमेरिकन मिशनने 'बालबोधमेवा' हे मासिक काढले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झालेल्या या मासिकाने ख्रिस्ती घरांतील कित्येक मुलांना शाळेबाहेरचे पहिले वाचन पुरविले. याच सुमारास कादंबरीसदृश वाचनही उपलब्ध झाले. बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' १८५७ साली प्रसिद्ध झाले. हिंदू विधवांच्या स्थितीविषयीचे हे पुस्तक विषयामुळेच घरातील स्त्रियांना ऐकून समजण्याजोगे होते. मिशनचे पुस्तकविक्रेते बाजारांतून व जत्रांतून अशी पुस्तके नेत. मुख्य लोहमार्गापासून दूर असलेल्या वाशीमसारख्या भागात पुस्तक पोहोचण्याचा मार्ग बहुधा असाच पायवाटेचा असे.

४

तिसरा उपाय म्हणजे शिक्षिकेनेच घरी जाणे. सिंथिया फरार या अमेरिकन अविवाहित बाई १८२७ च्या अखेरीस मुंबईस आल्या आणि त्यांनी मुलींच्या शाळांची व्यवस्था पाहिली. पुढे १८३९ पासून १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या अहमदनगरास होत्या. त्यांच्या शाळेला भेट दिल्यानंतर जोतिरावांना मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली हे प्रसिद्ध आहे, आणि सावित्रीबाईंच्या शिक्षक-प्रशिक्षणाशीही त्या शाळेचे नाव जोडले जाते. परंतु सावित्रीबाईंचे पहिले शिक्षण शाळेत झालेले नाही. जोतिरावांनी त्यांना प्रथम घरीच शिकविले. जोतिराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. शाळेत शिकलेल्या एका माणसाने घरातील दुसऱ्या माणसाला शिकवावे आणि त्या दुसऱ्याने पुढे शाळाच काढावी, असा हा क्रम आहे.

असाच क्रम लक्ष्मीबाई टिळकांच्या बाबतीत दिसतो. त्या कोणत्याही शाळेत रीतसर शिकल्या नाहीत. पती नारायण वामन टिळक यांनी त्यांना अक्षरओळख करून दिली. टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा पतिपत्नींची ताटातूट झाली आणि ती काही वर्षे टिकली. त्या काळात दोघांतील दुवा राहिला तो पत्रांचा. घरात मिळालेल्या तेवढ्या शिक्षणावर लक्ष्मीबाईंनी पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिली आणि मराठी गद्याला एक अपूर्व ग्रंथ मिळाला. त्या ग्रंथातील भाषा शालेय पुस्तकाची नाही, घरातील बोलण्याची आहे, आणि म्हणूनच ती जिवंत राहिली. घरी शिकलेल्या माणसाची भाषा उणी असते या समजुतीला याहून समर्पक उत्तर सापडणार नाही.

मिशनच्या स्त्रियांनी घरोघर जाऊन शिकविण्याची जी पद्धत सुरू केली तिला 'झनाना शिक्षण' म्हणत. परदा पाळणाऱ्या किंवा घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रियांना वाचन, शिवण व बायबलमधील गोष्टी शिकविण्यासाठी शिक्षिका ठराविक दिवशी जात असे. तिच्याबरोबर वा तिच्या जागी जाणारी एतद्देशीय ख्रिस्ती स्त्री 'बायबल-बाई' म्हणून ओळखली जाई. या बायकांची नावे अहवालांत क्वचितच येतात. गोऱ्या बाईंचे नाव वर आणि यांची केवळ संख्या खाली, असा प्रकार असे. परंतु घराची बोली येणारी, दळणकांडण चालू असतानाच पाठ घेणारी आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येणारी हीच व्यक्ती होती. दूरशिक्षणाला लागणारा सांधा तिनेच जुळविला.

कुटुंबांची भीतीही येथे नोंदविली पाहिजे. शिक्षिका ज्या पिशवीत अंकलिपी आणी तिच्यातच शुभवर्तमान असे, आणि मुलगी शिकता शिकता धर्म सोडून जाईल ही आईबापांची धास्ती निराधार नव्हती. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढले व पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. तेथील विधवा मुलींचा ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढा वाढत असल्याचे दिसताच १८९३ साली रानडे-भांडारकरांसारख्या हितचिंतकांनी आपला संबंध सोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. कुटुंबाला आधार द्यावयाचा तर कुटुंबाचा विश्वास हवा, आणि तो उघड बोलण्यानेच मिळतो, हा त्या प्रकरणाचा बोध दोन्ही पक्षांना उशिरा झाला.

५

वऱ्हाडात मिशनच्या शिक्षणाला वेगळे वळण लागले ते दुष्काळामुळे. १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्यप्रांत-वऱ्हाडची दैना केली. रमाबाई पहिल्या दुष्काळात मध्यप्रांतात स्वतः गेल्या आणि त्यांनी शेकडो मुली व स्त्रिया आणल्या; त्यातूनच केडगावचे मुक्तिसदन उभे राहिले. इतर मिशनांनीही अनाथालये व वसतिशाळा काढल्या. नागपुरास स्टीफन हिस्लॉप यांनी १८४६ साली काढलेल्या शाळेपासून विदर्भात मिशनशिक्षणाचा पाया होता. आता त्यावर वसतिगृहांची भर पडली. वाशीम येथे मेथॉडिस्ट एपिस्कोपल मिशनचे ठाणे होते.

वसतिगृह हा दूरशिक्षणाच्या नेमका उलट उपाय होय. शाळा घरी न्यावयाची त्याऐवजी मूल घरातून शाळेत आणावयाचे. दुष्काळात घरच उरले नव्हते तेव्हा याहून दुसरा उपाय नव्हता, आणि त्याने असंख्य जीव वाचले. परंतु ज्या मुलांची घरे होती त्यांच्याही बाबतीत हाच नमुना पुढे चालू राहिला. मूल शिकले, प्रमाण मराठी बोलू लागले, नोकरीस लागले आणि गावाला परके झाले. मागे राहिलेली आई निरक्षरच राहिली. शाळेने मुलाला वाचक केले, पण घरात वाचक ठेवला नाही.

मुक्तिसदनाने मात्र या दोषावर काही अंशी मात केली. तेथे स्त्रियांनी छापखाना चालविला. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर साध्या बायकांना समजावे अशा बेताने केलेले होते. त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, ते प्रसिद्ध झाले. तेथे अंध स्त्रियांना बोटांनी वाचावयास शिकविण्याचीही सोय झाली. पुस्तकाची भाषा वाचणाऱ्या स्त्रीच्या बेताने ठेवणे, हे तत्त्व विद्यापीठांच्या पुस्तकांनी अजून पूर्णतः आत्मसात केलेले नाही.

६

१९३०-४० या दशकात वाशीमच्या मिशनक्षेत्रात बदल झाला. मेथॉडिस्ट मिशनचे काम नाझरीन मंडळीकडे आले. १९३८ साली डॉ. ऑर्फा स्पायशर या अमेरिकन डॉक्टरबाईंनी तेथे रेनॉल्ड्स स्मृती रुग्णालय सुरू केले. मिशनच्या जुन्या शालेय इमारतीत ते उभे राहिले. शाळेचे रुग्णालय झाले म्हणून शिक्षण संपले असे मात्र नाही. रुग्णालयाला परिचारिका हव्या होत्या, आणि परिचारिकांसाठी पुढे शाळा निघाली. खेड्यातील मुलगी येथे शिकून बाळंतिणीची सुश्रूषा, पाणी उकळणे, जखमेची स्वच्छता या गोष्टी जाणू लागली आणि त्या ती घरोघर सांगू लागली. झनाना शिक्षिकेचेच हे नवे रूप होते. तिला विज्ञानाची भाषा रुग्णाच्या बोलीत उतरवावी लागे. औषध 'दिवसातून तीनदा' घ्यावयाचे हे घड्याळ नसलेल्या घरात सूर्यावरून सांगावे लागते. असे भाषांतर हेही शिक्षणच होय.

याच काळात प्रौढशिक्षणाची चळवळ जोरात आली. फ्रँक लॉबाख हे अमेरिकन मिशनरी १९३५ साली भारतात आले. चित्र, शब्द व अक्षर यांची सांगड घालणारे तक्ते आणि शिकलेल्या प्रत्येकाने दुसऱ्या एकाला शिकविणे, ही त्यांची पद्धत. अशा तऱ्हेचे तक्ते मराठीतही झाले. या पद्धतीचे सामर्थ्य तक्त्यात नव्हते, दुसऱ्या अटीत होते. तक्ता वाचणाराच उद्याचा शिक्षक होणार असल्याने प्रत्येक घरात एक वाचक निर्माण होण्याची शक्यता तीत होती.

दूरशिक्षणाचा विचार पद्धतशीरपणे झाला तो धर्मशिक्षणाच्या क्षेत्रात. वाशीमच्या शेजारी यवतमाळ येथे १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरीची स्थापना झाली. १९८३ साली ती संस्था पुण्यास गेली. निवासी धर्मविद्यालयाची अडचण सर्वत्र सारखी होती. गावातील मंडळीचा प्रमुख बहुधा शेतकरी, त्याला बायकामुले, आणि तीनचार वर्षे घर सोडणे त्याला अशक्य. १९६३ साली ग्वाटेमालातील प्रेस्बिटेरियन धर्मविद्यालयाने यावर तोड काढली. विद्यार्थ्याने घरीच राहून स्वाध्यायपुस्तिका सोडवावी. शिक्षकाने ठराविक दिवशी जवळच्या केंद्रावर येऊन त्या तपासाव्या व चर्चा करावी. ही पद्धत लवकरच जगभर पसरली आणि भारतात तिच्यासाठी १९७१ साली बंगलोर येथे स्वतंत्र संस्था निघाली. स्वाध्याय घरी आणि भेट केंद्रावर, ही रचना १९८९ साली नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रांतही दिसते. दोन्ही ठिकाणी अनुभव एकच आहे. पुस्तिका घरी पोहोचणे ही अर्धी गोष्ट. तपासणारा माणूस भेटणे ही उरलेली अर्धी. ती दुसरी अर्धी गळाली की विद्यार्थीही गळतो.

७

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या. मिशनशाळा आणि जिल्हा परिषदेच्या शाळा यांच्यापुढील अडचण सारखीच होती. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' या घोषणेखाली अभ्यासमाला पाठविण्यास आरंभ केला. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलिमिली' ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका दाखविण्यात आली. नोव्हेंबर २०२० मध्ये वरचे वर्ग काही ठिकाणी उघडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील एका वसतिगृहात दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांना रोगाची लागण झाल्याचे आढळले. त्यांतील बरेच अमरावती व यवतमाळ जिल्ह्यांतील होते. घर सोडून शाळेत राहावयाचे की घरी राहून शाळा गमवावयाची, हा दुष्काळाच्या काळातला पेच सव्वाशे वर्षांनी पुन्हा उभा राहिला.

त्या काळात दूरध्वनीयंत्र हे पुस्तक झाले. परंतु शेतमजुराच्या घरी यंत्र असले तर एक असते, आणि ते बापाबरोबर रानात जाते. मूल चौथीत आणि थोरली बहीण नववीत असेल तर एका यंत्रावर दोन वर्ग कसे भरावेत हा प्रश्न येतो. याहून कठीण प्रश्न भाषेचा. मानोरा तालुक्यात पोहरादेवी हे बंजारा समाजाचे पवित्र क्षेत्र आहे आणि त्या परिसरातील तांड्यांवर घरची भाषा गोरबोली असते. ग्रियर्सन यांनी तिची गणना राजस्थानीच्या संबंधात केली. ती मराठीची बोली नव्हे. तांड्यावरील पहिलीतल्या मुलाला यंत्रातून येणारा पाठ एका परक्या भाषेतून येतो. वऱ्हाडी मुलाला तो आपल्याच भाषेच्या परक्या रूपातून येतो. ऊसतोडीसाठी वा अन्य मजुरीसाठी कुटुंब परजिल्ह्यात गेले तर अंतर आणखी वाढते. अशा घरात पाठ समजावून सांगणारा कोण? बहुधा थोरली बहीण, जी दोन वर्षांपूर्वी तीच यत्ता उत्तीर्ण झालेली असते. शासनाच्या कोणत्याही योजनेत तिचे नाव नसते. बायबल-बाईप्रमाणे तीही केवळ गृहीत धरली जाते.

२०११ च्या जनगणनेत वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० होती आणि साक्षरतेचे प्रमाण सुमारे ८३ टक्के होते. २०१८ साली आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातील गडचिरोली, नंदुरबार व उस्मानाबाद यांच्याबरोबर वाशीमचा समावेश झाला. साक्षरतेचा हा आकडा पाहता बहुतेक घरांत आज एक तरी वाचणारे माणूस आहे असे मानण्यास हरकत नाही. फरारबाईंच्या काळात ही स्थिती स्वप्नवत होती. म्हणजे दूरशिक्षणाला लागणारा वाचक आता घरात आहे. शाळेने त्याच्याशी बोलावयाचे मात्र राहिले आहे.

८

या पूर्वपीठिकेतून मिशनशाळांविषयी, आणि त्यांच्या निमित्ताने सर्वच शाळांविषयी, काही निष्कर्ष काढता येतात.

पहिला असा की, कुटुंबाला आधार देणे हे दूरशिक्षणाचे अंग नसून त्याचा पाया आहे. मुलासाठी पाठ पाठवावयाचा असेल तर तो समजावून सांगणाऱ्या आईसाठी वा बहिणीसाठी दोन ओळी वेगळ्या लिहिल्या पाहिजेत, आणि त्या तिच्या बोलीत असल्या तर अधिक बरे. वऱ्हाडीत वा गोरबोलीत लिहिलेल्या अशा सूचनांनी प्रमाण मराठीची काहीही हानी होणार नाही. उलट तिच्याकडे जाण्याची वाट सुकर होईल.

दुसरा असा की, शिक्षकाची भेट टाळता येत नाही. झनाना शिक्षिका आठवड्याने येई, केंद्रावरचा तपासनीस ठराविक दिवशी येई, परिचारिका फेरीवर येई. या भेटींच्या आधारावर मधल्या दिवसांतील स्वाध्याय चाले. यंत्रामुळे भेटीची संख्या कमी करता येईल, ती शून्यावर आणता येणार नाही.

तिसरा असा की, विद्यार्थ्याकडून परत येणाऱ्या लेखनाला स्थान हवे. मुक्ता साळवे हिचा निबंध कोणी छापला नसता तर तो लिहिला गेला होता हेही आज कळले नसते. वाशीम जिल्ह्यातील एखाद्या तांड्यावरच्या मुलीने साथीच्या वर्षात आपल्या वहीत काय लिहिले हे जाणून घेण्याची सोय कोणत्याही शाळेने, ख्रिस्ती वा अन्य, केली असेल तर त्या वह्या जपून ठेवावयास हव्यात. पुढील काळातील अभ्यासकाला त्यांतून शिक्षणाचा इतिहास तर मिळेलच. शिवाय शाळेचे मराठी घराच्या बोलीत कसे मिसळले, 'डोया'चा 'डोळा' केव्हा झाला आणि कोणाच्या सांगण्यावरून झाला, हेही त्या वह्यांवरून सांगता येईल.